अक्षरांचा कारागीर : जावजी दादाजी

भात जेवताना आपल्याला नांगर दिसत नाही, तसे पुस्तक वाचताना अक्षर दिसत नाही. डोळा अक्षरावरून सरळ अर्थाकडे धावतो. अक्षर सुबक असेल तर ते अधिकच लपते. वाईट असेल तरच भातातल्या खड्यासारखे दाताखाली येते. त्यामुळे ज्ञानेश्वरांपासून केशवसुतांपर्यंत सर्वांची चरित्रे आपण अभ्यासतो, परंतु त्यांचे शब्द ज्या छापील अक्षरांतून आपल्यापर्यंत पोहोचले ती अक्षरे कोणी घडवली, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. ज्यांना संस्कृत-मराठी ग्रंथांचे थोडेफार वाचन आहे त्यांना 'निर्णयसागर' हे नाव नवे नाही. त्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांची ही हकीकत आहे.

मी या विषयाकडे वळले ती एका तिरप्या अक्षरामुळे. आपल्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात नाटकांची आणि कादंबऱ्यांची नावे उजवीकडे झुकलेल्या नाजूक अक्षरांत छापलेली असतात. या अक्षराला इटॅलिक म्हणतात. हाताने लिहिताना त्याच नावांखाली रेघ मारायची, असा नियम आम्हाला शिकवला गेला. मराठीच्या पुस्तकात मात्र असे काही आढळत नाही. तिथे ग्रंथाचे नाव अवतरण चिन्हांत येते, महत्त्वाचा शब्द ठळक होतो, पण अक्षर सहसा ताठच उभे असते. संगणकावर निबंध टंकित करताना मी इटॅलिकचे बटण दाबून पाहिले. मराठी अक्षरे झुकली खरी, पण वादळात कुडाच्या घराचे खांब एका बाजूला कलावेत आणि वरचा आढा तसाच आडवा राहावा, तशी ती दिसू लागली. इंग्रजीला जे शोभते ते मराठीला का शोभत नाही? या प्रश्नामागे जाता जाता मी इटलीत पोहोचले आणि तिथून परत मुंबईत, जावजींच्या दारात आले.

प्रथम इटलीची गोष्ट थोडक्यात सांगते. व्हेनिस शहरात आल्डस मॅन्युशियस नावाचा एक विद्वान मुद्रक होता. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ विद्यार्थ्याला हातात धरून वाचता यावेत अशा छोट्या आकारात छापावेत, अशी त्याची इच्छा होती. इ. स. १५०१ मध्ये त्याने व्हर्जिल कवीचे काव्य अशा लहान पुस्तकात छापले आणि त्यासाठी एक नवे अक्षर वापरले. त्या काळचे इटालियन विद्वान आणि दरबारी लेखनिक जे जलद, किंचित झुकलेले वळण लिहीत, त्यावरून ते अक्षर घेतले होते. ते पोलादात कोरले फ्रान्चेस्को ग्रिफो नावाच्या कारागिराने. आरंभी संपूर्ण पुस्तकच या अक्षरात छापत. पुढे ताठ अक्षराचे ते धाकटे भावंड झाले आणि त्याच्याकडे ग्रंथनामे, परभाषेतले शब्द, भर द्यायचे शब्द अशी निवडक कामे आली. रोमन अक्षरांच्या टोकांना ज्या लहानशा रेघा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. त्या सेरिफा इटॅलिकमध्ये लेखणीच्या ओघाने वळलेल्या दिसतात, जणू हात एका अक्षरावरून पुढच्या अक्षराकडे निघाला आहे. म्हणून ते अक्षर डौलदार वाटते. त्या डौलाचे मूळ माणसाच्या हातात आहे. नुसते झुकवले म्हणून ते सुंदर झालेले नाही.

आपल्याकडेही असे धावते वळण होते. मोडी ही मराठीची धावती लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जायचे. देवनागरी, म्हणजे आपली बाळबोध, ही पोथ्यांची लिपी. मोडी ही दप्तराची. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण काढले, त्यात देवनागरी खिळे वापरले. १८१० मधला त्यांचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे. म्हणजे मराठीच्या छपाईच्या आरंभी दोन्ही वाटा खुल्या होत्या. पुढे छापखान्यात बाळबोध टिकली आणि मोडी विसाव्या शतकात व्यवहारातूनही गेली. इटलीत धावते वळण ताठ अक्षराच्या शेजारी नांदले, आपल्याकडे ते दप्तराच्या बासनातच बांधले गेले. मराठीला स्वतःचे इटॅलिक का नाही, याचे एक कारण मला इथे सापडले.

त्याहीपूर्वीची आपली अवस्था पाहिली तर आश्चर्य वाटते. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरे मात्र रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर अख्खी पाने कोरून. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळाप्रेसमध्ये सुंदर हस्ताक्षर दगडावर उतरवून छापता येते, पण दुसरे पान छापायचे तर पुन्हा सगळे लिहावे लागते. खिळे हाती असतील तर तेच अक्षर हजारदा वापरता येते. त्यामुळे मराठी ग्रंथ स्वस्त आणि विपुल व्हायचे तर चांगले देवनागरी खिळे हवे होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाच्या कुशल कारागिराने तसे खिळे घडवण्याचे काम चालवले होते. याच छापखान्यात एक लहान मुलगा कामाला लागला. तोच जावजी.

जावजींचा जन्म मुंबईत १८३९ मध्ये एका गरीब मराठा कुटुंबात झाला. शिक्षण असे फारसे झाले नाही. ज्या वयात आपण चौथी-पाचवीच्या वर्गात बसलो, त्या वयात, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, ते खिळे घासण्याच्या कामावर रुजू झाले. पगार महिन्याला दोन रुपये.

खिळे घासणे म्हणजे काय, हे आज कोणी सहज सांगू शकणार नाही. साच्यातून खिळा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या कडांना धातूचे पापुद्रे चिकटलेले असतात. ते काढून खिळ्याच्या बाजू दगडावर घासून सपाट कराव्या लागतात. कमी घासला तर दोन अक्षरांत फट राहते. जास्त घासला तर अक्षर शेजारच्या अंगावर कलते. एका पानात असे शेकडो खिळे दाटीने उभे राहायचे असल्याने प्रत्येकाची बाजू काटेकोर सरळ हवी. दिवसभर हे काम करायचे, बोटे शिशाने काळी व्हायची, आणि समोरून अक्षरे जायची ती सगळी उलटी, आरशातल्यासारखी. मला वाटते, जावजींची शाळा ती हीच. इतर मुलांनी पाटीवर अक्षर गिरवले, यांनी ते बोटांनी चाचपले. कोणत्या अक्षराचा काना किती जाड, कोणती मात्रा लवकर मोडते, 'श' आणि 'झ' यांची पोटे कुठे भरून येतात, हे त्यांना पुस्तकाविना कळले असणार.

यापुढची पायरी समजून घ्यायला मला फार लांब जावे लागले नाही. आपल्या डहाणू तालुक्यातील चिंचणी, वरोर, वाणगाव या भागात दागिन्यांच्या डाया कोरण्याचा धंदा घरोघर चालत आलेला आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. माझे मामा चिंचणीला हेच काम करतात. आमचे आगर गाव वाड्यांचे आणि मासळीचे. आजोळ मात्र पोलादाचे. सुट्टीत तिकडे गेले की कानस मारून देण्याचे काम माझ्याकडे असे. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्न्यांनी आणि हातोडीने फूल, पान, नक्षी उलटी आणि खोल कोरायची, मग त्या पोलादाला पाणी द्यायचे, आणि त्यावर पत्रा ठेवून ठोकला की नक्षी सुलटी उठते. एक डाय नीट उतरली की तिच्यातून हजारो सारखे दागिने निघतात.

अक्षराचा पंच हा या डायचाच सख्खा भाऊ आहे. पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरतात. अक्षराच्या पोटातली पोकळी आधी काढायची, मग बाहेरची कड कानशीने उतरवायची. मधूनमधून ते टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर त्याचा ठसा घ्यायचा आणि वळण जमले का ते पाहायचे. पंचाला पाणी देऊन तो कठीण झाला की तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो, त्याला मातृका म्हणतात. ती मातृका साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार. शिसे लवकर वितळते म्हणून, अँटिमनी त्याला कठीण करते म्हणून आणि कथलाने रस चांगला खेळतो म्हणून हे तिन्ही लागतात. पोलादावर एका केसाइतकी चूक राहिली तर ती तांब्यात जाईल, तांब्यातून शिशात, शिशातून कागदावर आणि कागदावरून हजारो वाचकांच्या डोळ्यांत.

आता हेच काम देवनागरीसाठी करायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, त्यांची लहान-मोठी रूपे, आकडे आणि विरामचिन्हे एवढ्यावर भागते. आपल्याकडे स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार आणि त्यांवर संस्कृतमधली अवघड जोडाक्षरे. एका आकाराच्या संचाला कित्येक शे खिळे लागत. शिवाय मात्रा अक्षराच्या वर चढते आणि उकार खाली लोंबतो. यासाठी दोन वाटा काढलेल्या होत्या. अक्षर आणि त्यावरची चिन्हे एकाच खिळ्यावर ओतायची, ही अखंड पद्धत; किंवा वरची-खालची चिन्हे वेगळ्या पातळ खिळ्यांवर ओतून जुळाऱ्याने ती वर-खाली बसवायची, ही डिग्री पद्धत. पहिलीत खिळे फार, दुसरीत जुळणी किचकट. कोणतीही वाट घ्या, डोक्यावरची रेघ एका अक्षरापासून दुसऱ्यापर्यंत न तुटता गेली पाहिजे. घासणाऱ्याच्या हाताची परीक्षा तिथेच होते. आपल्या तालुक्यात मराठी आणि गुजराती पाट्या शेजारी शेजारी लागतात. गुजराती अक्षराने डोक्यावरची रेघ सोडून दिली आहे. मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये छापखाना घातला आणि १८२२ मध्ये 'मुंबई समाचार' सुरू केला, तेव्हा गुजराती खिळे घडवताना ही रेघ जुळवण्याची डोकेदुखी नव्हती. आपल्याला ती पिढ्यान्‌पिढ्या होती.

मिशनच्या छापखान्यातून जावजी पुढे इतर छापखान्यांत गेले. 'इंदुप्रकाश' हा त्यांपैकी एक. प्रत्येक ठिकाणी हात तयार होत गेला. १८६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. भांडवल थोडे, शिक्षण थोडे, पण अक्षराची पारख पुरेपूर. या कामात त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या पंच कोरणाऱ्या असामान्य कारागिराची साथ मिळाली. जावजींची दृष्टी आणि आरूंचा हात यांच्या मेळातून निर्णयसागरचे देवनागरी अक्षर घडत गेले. लहान-मोठ्या अनेक आकारांत ते कोरले गेले आणि इतर छापखानेही ते खिळे विकत घेऊ लागले.

या अक्षरात एवढे काय होते? मी आपल्या ग्रंथालयातील एका जुन्या संस्कृत पुस्तकावर भिंग धरून पाहिले. काने जाड आणि ठाम आहेत. वळणे मात्र भरीव होत होत अचानक बारीक होतात, जसा बोरू फिरतो तसा. देवनागरीचा बोरू इंग्रजी निबाच्या उलट अंगाने कापलेला असतो, त्यामुळे जाड-बारीक रेषांची दिशाही इंग्रजीच्या उलट असते. कॅरे यांच्या काळापासून पुष्कळशी अक्षरे परक्यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. निर्णयसागरच्या अक्षरात पोथी लिहिणाऱ्या शास्त्र्याचा हात ओळखू येतो. जोडाक्षरे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी नीट बसलेली आहेत; 'ष्ट्य' किंवा 'ङ्क्त' असले काही आले तरी ओळीची उंची बिघडत नाही. अक्षरांच्या पोटातल्या पांढऱ्या जागा मोकळ्या आहेत, म्हणून अगदी बारीक टीपेतही शाई भरून अक्षर बुजत नाही. टीका आणि मूळ श्लोक एकाच पानावर छापायचे असतात तेव्हा याचे मोल कळते. इंग्रजी मुद्रक जिथे इटॅलिककडे वळला असता, तिथे या पानांत मूळ मोठ्या अक्षरात आणि टीका लहान अक्षरात येते. झुकवण्याचे काम इथे आकाराकडून करून घेतले आहे. इटॅलिकचा हेतू दोन आवाज वेगळे दाखवण्याचा. तो हेतू आपल्या पानानेही साधला, आपल्या रीतीने. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला या पानावर मिळाले.

१८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. मुंबईच्या कोळभाट गल्लीतला हा पत्ता पुढे देशभरच्या पंडितांना तोंडपाठ झाला. निर्णयसागर पंचांग घराघरांत गेले. आमच्या घरी आजीच्या काळात छापील म्हणून दोनच वस्तू होत्या, एक रेशनकार्ड आणि दुसरे पंचांग. आणि त्यांतले पंचांग वाचायला दुसऱ्या आळीतला माणूस बोलवावा लागे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरात अक्षर प्रथम शिरते ते बहुधा पंचांगाच्या रूपाने, हे मला यावरून सुचते. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून निर्णयसागरातून निघू लागले. १८८६ मध्ये 'काव्यमाला' सुरू झाली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली जुनी संस्कृत काव्ये, नाटके आणि अलंकारग्रंथ हस्तलिखितांतून बाहेर काढून छापले जाऊ लागले. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' याच दोघांनी संपादिला आणि तो १८८९ मध्ये निघाला. ज्या पोथ्या वाड्यांच्या आणि मठांच्या दप्तरांत कसर खात पडल्या होत्या, त्या आता टपालाने कोणालाही मागवता येऊ लागल्या.

या गोष्टीचा अर्थ मला फार मोठा वाटतो. संस्कृत ग्रंथ वाचण्याचा अधिकार शतकानुशतके जन्मावर ठरत आला. पोथी ज्याच्या घरी तोच तिचा मालक. छापील पुस्तक मात्र विकत घेणाऱ्याची जात विचारत नाही. हे दार उघडण्याच्या कामी ज्या माणसाने मोठा हातभार लावला तो स्वतः शास्त्री नव्हता, पदवीधर नव्हता. दोन रुपयांवर खिळे घासणारा मुलगा होता. शुद्धलेखन तपासायला त्याने पंडित नेमले आणि पंडितांचे शब्द उभे करायला कारागीर. दोघांनाही एका छपराखाली बसवणे हे त्याचे खरे कर्तृत्व. निर्णयसागरची पुस्तके शुद्धतेविषयी नावाजली गेली ती या जोडीमुळे. आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्यांना वाटत असते की विद्या म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी मालमत्ता, आपण तिथे पाहुणे. जावजींचे चरित्र वाचल्यावर हा संकोच थोडा कमी होतो. विद्येचे घर बांधणाऱ्यांत आपल्यासारखे लोक पहिल्यापासून होते. फक्त ते पाया भरत होते, म्हणून दिसले नाहीत.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी वारले. वय अवघे त्रेपन्नच्या आसपास. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखाना चालवला आणि वाढवला. अण्णा मोरेश्वर कुंटे यांची ज्ञानेश्वरीची आवृत्ती १८९४ मध्ये येथूनच निघाली. पुढे यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सुश्रुतसंहिता १९३८ मध्ये आणि चरकसंहिता १९४१ मध्ये निर्णयसागराने छापली. आयुर्वेदाचे अभ्यासक आजही या आवृत्त्यांच्या पुनर्मुद्रणांवरच काम करतात. जावजींना जाऊन जवळजवळ अर्धशतक झाले तरी घडी मोडली नव्हती, याचा हा पुरावा.

परंतु गौरव करताना दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. पहिली अशी की, हे सौंदर्य महाग होते. शेकडो खिळे, प्रत्येक जोडाक्षराला वेगळे घर आणि तो पसारा सांभाळणारा जुळारी. पुस्तकाला हे परवडते, रोजच्या वर्तमानपत्राला परवडत नाही. म्हणूनच लोकमान्य टिळकांसारख्या संपादकाने 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. पुढे यंत्रावर जुळणी करण्याचे दिवस आले तेव्हा यंत्राला थोडीच अक्षरे पेलत, म्हणून जोडाक्षरे तोडली गेली, मात्रा अक्षरांपासून दुरावल्या आणि कित्येक वर्षे मराठी छपाई ओढाताणीची दिसली. सोय आणि सौंदर्य यांचे भांडण तेव्हापासून चालूच आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. मुखपृष्ठावर छापखान्याचे नाव असते, संपादकाचे असते, किंमतही असते. पंच कोरणाऱ्याचे नाव तिथे नसते. व्हेनिसच्या आल्डसचे नाव जगाला ठाऊक आहे, ग्रिफोचे जाणकारांनाच. जावजींचे नाव कोशांत आहे; राणोजी आरूंचे नाव मुद्रणाच्या इतिहासात शोधावे लागते; आणि त्यांच्या शेजारी बसून खिळे घासणाऱ्या मुलांची नावे तर कुठेच नाहीत. माझ्या मामांनी कोरलेल्या डायवरून निघालेले दागिने कोणकोणत्या शहरांतल्या लग्नांत मिरवतात हे त्यांना माहीत नाही, आणि ते घालणारीला मामा माहीत नाहीत. कारागिराच्या कामाला सही नसते. जावजी स्वतः कारागिरांतून वर आलेले होते, म्हणून त्यांच्या नावात या निनावी माणसांचाही थोडा वाटा आहे, असे मी मानते.

आता शिशाचे खिळे गेले. छापखान्यांतल्या लाकडी केसी मोडीत निघाल्या, जुळारी निवृत्त झाले. चिंचणीतही नक्षी संगणकावर काढून यंत्रावर कोरून मिळते. हाताने डाय कोरणारे कमी होत चालले आहेत आणि मामांच्या मुलाने छिन्नी हातात घेतलेली नाही. अशा वेळी मनात येते की धातू गेला, हात गेला, तर मग उरले काय? जावजींच्या बाबतीत या प्रश्नाला एक उत्तर मिळते. २०१५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने भारतीय अभिजात ग्रंथांची मूर्ती ग्रंथमाला सुरू केली. तिच्यासाठी फिओना रॉस आणि जॉन हडसन या अक्षररचनाकारांनी संगणकासाठी नवे देवनागरी अक्षर सिद्ध केले, तेव्हा आदर्श म्हणून त्यांनी निर्णयसागरची अक्षरे समोर ठेवली. म्हणजे जे वळण कोळभाट गल्लीत पोलादावर उतरले, ते शिशाशिवाय आणि पोलादाशिवायही पुढे चालले आहे. यंत्राच्या अडचणीपायी जी जोडाक्षरे तुटली होती, ती संगणकात पुन्हा जुळवता येतात. त्यासाठी नमुना शोधायचा तर जुन्या कारागिराकडेच जावे लागले.

तेव्हा माझी विद्यार्थीमित्रांना एक विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात मागच्या बाजूच्या कपाटात निर्णयसागरची काही जुनी पुस्तके आहेत. संस्कृत येत नसले तरी त्यांतले एखादे मागून घ्या आणि कोणतेही पान उघडून अर्थ न लावता फक्त अक्षर पाहा. बोट फिरवलेत तर जुन्या कागदावर खिळ्याचा दाब अजून किंचित जाणवतो. आणि संगणकावर मराठी लिहिताना इटॅलिकचे बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा. ज्या अक्षराला ताठ उभे करण्यासाठी एवढ्या माणसांनी डोळे शिणवले, ते उगाच वाकवण्यात काही शहाणपण नाही.